खाली सात वेळा

आईच्या फोनचं मागचं झाकण काढलं
तर बॅटरीखाली कार्ड, आणि कार्डाला चिकटलेला
जिताड्याचा एक खवला.
माप दोघांचं जवळपास सारखंच.
खवला फेकला, कार्ड ओढणीला पुसलं,
वास राहिला.

कंपनी बंद होणार म्हणून नंबर नव्या कार्डावर आला,
माणसं जुन्यावरच राहिली.
वाशीच्या दुकानातून रीडर आणला,
दादाच्या डिप्लोमाच्या वेळच्या कॉम्प्युटरवरचं
आईचं फाटकं लुगडं काढलं.
दिवाळ्याच्या धक्क्यावरच्या होडीसारखा
दोनदा खोकून तो तिसऱ्यांदा सुरू झाला.

पडद्यावर एकशे त्र्याण्णव नावं.
सगळी माझीच करणी.
मी सहावीत, आई टोपलीत बर्फ फोडत सांगायची
आणि मी बटणं दाबायची.
काना-मात्रा धरून पंधरा झाले
की कार्ड पुढचं ऐकायचं नाही.

जिताडा डॉक्टर.
निवट्या रिक्षा.
सेक्टर अकरा तिस
(तिसरा मजला मावला नव्हता).
कोलंबी नेरूळ दे.
हे दे कोण? देशमुख? देसाई?
आई अंगणात जाळं विणत होती, विचारलं नाही.

आता मी सीवूड्सच्या एका ऑफिसात बसते,
दिवसभर लोकांच्या याद्या नीट करते.
हात शिवशिवले.
डॉक्टरांना आडनाव दिलं, आगाशे.
रिक्षाला तुकाराम भोईर केलं.
काही नावांआधी एक सुटा अ होता,
अ आत्या, अ बर्फ, अ मी,
तो पुसून टाकला, चूक समजून.
आणि मी च्या जागी लिहिलं हर्षाली नाखवा,
पूर्ण, एकही मात्रा न तुटता.

कॉम्प्युटरनं विचारलं, कॉपी करायचं की हलवायचं?
कॉपी म्हटलं.
निळी पट्टी सरकत गेली,
मध्ये एकशे बाराव्या माणसाशी थोडी थांबली,
मग पोचली.

पहाटे चारला धक्क्यावर
आईनं नेहमीसारखं अंगठ्यानं
खाली सात वेळा दाबलं, आणि हिरवं.
आगाशे डॉक्टर झोपेतून उठले.
म्हणाले, मावशी, बर्फ कुठला माझ्याकडे,
पण जिताडा आलाय का?

बर्फ उशिरा आला.
मांदेली मऊ पडली, निम्म्या भावात गेली.
दहाला घरी येऊन तिनं फोन
माझ्या कीबोर्डावर ठेवला, ओलाच.
"नावा चांगली केलीस गो.
पन माजी मानसा कुठं गेली?"

तेव्हा आठवलं, तो अ मीच लावला होता,
बाराव्या वर्षी, तिला वाचता येत नाही म्हणून,
रोज लागणारी माणसं वर यावीत म्हणून.
सातवा बर्फ.
आठवी मी.
पाच दिवस आजारी असले
तरी तिचा अंगठा मला अंधारात शोधायचा,
आणि मी त्याच्या वाटेवरून
स्वतःला उचलून
ह मध्ये नेऊन ठेवलं होतं, एकशे ऐंशीच्याही खाली.

जुनं कार्ड पुन्हा रीडरमध्ये घातलं.
डॉक्टरला जिताडा परत दिला,
तिसऱ्या मजल्याला तिसवरच तोडलं.
अ टाकला, जागा सोडली, मी लिहिलं.
मग माझ्या फोनवरून तिला लावून बघितलं.

चुलीपाशी फोन थरथरला.
ती पडद्याकडे बघत राहिली, उचलला नाही.
"यो तूच. काठीवर टोपी हाय."

नव्या कार्डावर झाकण बसवलं.
जुनं तिनं मागून घेतलं,
काट्याच्या डब्यात, पन्नास ग्रॅमच्या वजनाखाली ठेवलं.

"आई, ते कोलंबी नेरूळ दे, ते कोण गं?
दे म्हणजे काय?"

"दे म्हंजे दे," ती म्हणाली.
"दोनशे चाळीस बाकी हायत तिच्याकडं.
लाव फोन."