चार वाजायच्या आत

सर्जेराव इंगवल्यांनी एकोणीस वर्षांत सत्तावीस पिक्चर काढले
आणि त्यातल्या एकालाही सुरुवात नव्हती.

त्याचं कारण सायकल.
पोरगा असताना लक्ष्मीपुरीतल्या टॉकीजमधून
राजारामपुरीतल्या टॉकीजला रिळांचे डबे पोचवायचा.
प्रिंट एक, पडदे दोन, मधे हा आणि चढ.
डबा ठेवून घाम पुसेस्तोवर दिसेल तेवढाच पिक्चर त्याचा:
हाँगकाँगचा कुणी उघडा माणूस हवेत,
पाय अजून खाली यायचाय,
तोवर मॅनेजर ओरडणार, "इंगवले, चौथं रीळ!"
तो पाय पडला कुणाच्या छातीवर, आणि कशापायी,
हे कळायला त्याला स्वतः पिक्चर काढावे लागले.

अकरा दिवसांत एक.
पन्हाळ्याचं धुकं म्हणजे चीन.
रंकाळा म्हणजे समुद्र,
कणीसवालीला तेवढं फ्रेमबाहेर सरकवायचं.
झगे मांजरपाटाचे. एकदा परटिणीकडून निळीत जास्त बुडाले,
म्हणून 'लाथेचं व्याज'मधला सगळा मठ फिकट निळा आहे.
पुण्याच्या पेपरात कुणीतरी त्यावर लिहिलं, प्रतीक वगैरे.
मास्तरांनी कात्रण पाकिटात ठेवलं
आणि परटिणीला दहा रुपये जादा दिले.

हीरो मर्दानी खेळातला.
पट्ट्यानं तळहातावरचं लिंबू कापायचा,
पण संवाद आला की पाय लटपटायचे.
मग त्याला मुका केला,
सत्तावीस वेळा, निरनिराळ्या कारणांनी.

व्हिलन बापूसो खाडे. घरात दहा म्हशी.
"मास्तर, चारच्या आत मारा मला, धार काढायचीया."
म्हणून आमच्याकडं पापाचा घडा कायम उन्हातच भरला,
कधी कधी तर सूड कशाचा ते ठरायच्या आधी.

आणि मी आवाज.
शौकत मुजावर. नामावली कॅमेऱ्यापाशीच संपायची,
त्यामुळं तुम्ही वाचलं नसणार.
बुक्कीला चप्पल लाईनीतलं ओलं कातडं, पोत्यावर.
हाड मोडायला ऊस, सातशेचाळीसचाच,
दुसऱ्याचं कांडं खोटं मोडतं.
मुंडकं पडायला गुळाची ढेप.
ती पुढं आठवडाभर चहात पुरायची.
रात्री दोनला मास्तर डोळे मिटून ऐकायचे.
"शौकत, ह्यो आवाज मेलाय. दुखाय पायजे. परत."
मी परत मोडायचो.
पहाटेला पायाखाली चोयट्यांचा ढीग,
मुंग्या माईकपर्यंत.

मग गल्लोगल्ली व्हिडिओ आला, नंतर केबल.
डबे शिरोलीच्या गोडाऊनात पडून राहिले,
पुराचं पाणी दोनदा आत येऊन गेलं.
शेवटी हुपरीचा एकजण टेम्पो घेऊन आला, किलोवर.
त्यानंच सांगितलं,
रंगीत फिल्ममधली चांदी धुलाईतच जाते,
राहिली तर कडेच्या पट्टीत,
जिथं आवाज असतो तिथं.

मास्तर इतके हसले की ठसका लागला.
"शौक्या, आमच्या लाथा सगळ्या रद्दी.
तुझा ऊस तेवढा चांदी."

सत्तावीस पिक्चरांची मिळून
लहान मुलीच्या पैंजणाची एक जोडी झाली असेल.
कुणाच्या पायात आहे, माहीत नाही.
जत्रेत एखादी पोर पळत गेली की
मी उगाच वळून बघतो. बायको म्हणते, काय झालं?

गेल्या श्रावणात मास्तर गेले.
पंचगंगेच्या स्मशानात वीसेक माणसं,
मुका हीरो सगळ्यांत जास्त बोलत होता.
पावणेचारला थोरल्या पोरानं मडकं टाकलं.
ओल्या मातीवर पडलं, आवाज बसका आला.
मी थांबलो.
कुणी म्हणेल.

कुणीच म्हणालं नाही.
बापूसोनं धोतराला हात पुसले,
घड्याळ बघितलं आणि निघाला.
म्हशींना काय सांगणार.