बुरूज एकतीस

येऊरच्या मागच्या उतारावर
एकतीस नंबरचा बुरूज यंदा सरकलेला सापडला.
पडला नव्हता. नुसता आत गेला होता,
जसं पंगतीत कुणी न बोलता
पाट जरासा मागं घ्यावा.
आठ हात. टेपनं मोजलं, मग पावलांनी,
कारण टेप खात्याची,
तिचे पहिले तीन सेंटीमीटर कधीच झिजलेत.

तीस आणि बत्तीसच्या मधे नजर ताणली
की रेघ आत वाकते.
त्या वाकलेल्या पोटात भादव्यातली काकडी,
पिवळी फुलं, मांडव गच्च,
आणि कडेला अकरा ऐन, उभ्यानं मेलेले.
कुऱ्हाडीचा घाव एकही नाही.
गुडघ्याएवढ्या उंचीवर फक्त साल सोललेली,
गोल, चार बोटं रुंद, नीट,
बाळाच्या कमरेला करगोटा असावा तशी.
झाडाला कळायला दोन पावसाळे लागतात.
तोवर सावली विरळ होत जाते
आणि काकडीला ऊन पुरतं.

मथी वरठा लपली नाही.
विळा बाजूला ठेवून म्हणाली, बस.
काकडी मोडली, अर्धी मला.
मीठ तिच्या पदराच्या गाठीत होतं.
"खालची वाडी गेली ना,
हाटेलवाल्यानं भिंत घातली, दिवे लावले,
आता रोज रात्री लगीन लागतंय तिथं.
पाणी खाली जातं बाय,
माणूस ढकलला तर वरच जातो."

पंचनाम्यात ऐकलेलं लिहायला जागा नसते.
लिहिलं: अतिक्रमण, अडीच गुंठे.
वृक्ष ऐन, अकरा नग.
नग लिहिताना दर वेळी हात अडखळतो,
आमच्या मुरबाडकडं नग म्हणजे दागिना,
आईनं मोडलेला, माझ्या भरतीच्या वर्षी.
पंच दोन: तिचा दीर,
आणि दिराचा पोरगा, खालच्या टर्फवर
कुंपणाबाहेर गेलेले बॉल आणून देणारा.
त्यानं सही इंग्रजीत केली,
शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढून.

रविवारी जांभळी नाक्यावर मीही काकडी घेते.
कोवळी बघून घेते.
कुठल्या उतारावरची, विचारत नाही.

मांडवाचे खुंट मोजायचे राहिले होते.
चोवीस, सगळे पांगाऱ्याचे,
सगळे हद्दीच्या आतून तोडलेले.
एक एक हलवून बघत गेले,
मुद्देमाल न्यावा लागतो.
शेवटून दुसरा हलेना.
वेल बाजूला केली तर
त्याची स्वतःची पानं:
पळसाला पानं तीन, यालाही तीनच,
ओली, लहान, कुणी न विचारता आलेली.

"धरतो पांगारा," मथी म्हणाली. "उपटू?"

मुद्देमालात तेवीस लिहिले.
बेरीज साहेब बघत नाहीत.

मग बुरूज राहिला.
सिमेंटचा, चुना फासलेला, आकडा पुसट.
रेघ सरळ करायची तर तो आठ हात बाहेर न्यायचा,
तिच्या वेलींवरून.
एकटीला उचलला नाही. पोरगा फोनवर होता.
खाली घोडबंदरच्या टॉवरांत
एकेक खिडकी पेटत होती.
मथीनं साडी खोचली
आणि दुसरी बाजू धरली.