पत्त्याचा तुकडा

मुहर्रकला रात्री अकरा वाजताही सदतीस.
उबवणीच्या कपाटातही सदतीसच.
दार उघडलं तर कुठली हवा कुठे गेली
कळत नाही.

आत, चपट्या बाटलीत, गुलाबी पाण्याखाली
याकूब हमदुले वाढतायत.
म्हणजे त्यांच्या आतड्यातला नखाएवढा तुकडा.
ते स्वतः मार्चमध्ये बाणकोटला परत गेले,
हिद्दच्या गोदीतली एकवीस वर्षं
आणि एका झडपेचं अर्धवट काम मागे ठेवून.
वैद्यकीय तपासणीत नापास. व्हिसा रद्द.
पेशींना कुणी विचारलं नाही.
त्या दर सव्वीस तासांनी दुप्पट होतात
आणि त्यांच्याकडे कसलाच कागद नाही.

माझं काम दारावरचं.
पेशीच्या पोटात इंजिनघरं असतात, मायटोकॉन्ड्रिया.
त्यांना लागणारी हजारभर प्रथिनं
बाहेर घडतात, बाहेरून येतात.
बहुतेकांच्या डोक्याशी एक लहानसा तुकडा: पत्ता.
दारावर तो वाचला जातो.
मग प्रथिनाला उलगडावं लागतं, पार दोऱ्यासारखं,
कारण भोक अरुंद आहे.
आत शिरलं की आधी
पत्त्याचा तुकडा कापून घेतात.
मग कुणीतरी त्याची नव्याने घडी घालतं
आणि कामाला लावतं.

संमतीच्या कागदावर सही घेताना
हे याकूबचाचांना समजावलं होतं.
ते हसले.
"म्हंजे पासपोट काढून घेतात, बाय.
आमच्या पयल्या शेठनी पन घेतलान."

कॅन्सरच्या पेशीतही तीच प्रथिनं जातात,
तितकीच इमानदार, कधी जास्तच.
आपण कुणाचा दिवा पेटवतोय
हे इंजिनघरात दिसत नाही.
एक बाहेरच्या दाराला चिकटून बसतं,
आतून तयार होऊन आलेली ऊर्जा
ताटातून परस्पर उचलतं, साखरेला लावतं.
दुसरं मरणाच्या कडीला पाठ टेकून उभं.
पेशीने मरायला हवं ती वेळ
येते, ठोठावते,
आणि पायरीवरून निघून जाते.

मी दारावरचा एक कारकून काढून टाकला.
सहा दिवस. तीन बाटल्या.
दोन बाटल्यांत वाढ मंदावली,
पेशी सुरकुतल्या, तळ सोडून तरंगू लागल्या.
तिसरीत काही फरक नाही.
का, ते माहीत नाही.
मरियमबाईंनी आकडे पाहिले, म्हणाल्या, पुन्हा कर.
त्यांचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारायचे,
नाकाला चिमटा लावून, एका श्वासावर.
"बहुतेक शिंपले रिकामेच निघायचे," त्या म्हणाल्या
आणि चहात वेलदोडा टाकायला गेल्या.

तिसऱ्या बाटलीतल्या थोड्या पेशी घेतल्या,
लाल रंग घातला, भिंगाखाली ठेवल्या.
इंजिनघरं लोकरीच्या धाग्यांसारखी दिसतात,
तुटतात, पुन्हा जोडली जातात.
कधीकाळी परकी म्हणून आत आली,
राहिली, सगळं देऊन टाकलं;
स्वतःपाशी ठेवल्या फक्त तेरा प्रथिनांच्या कृती.
आणि त्या तेरा
बापाकडून येत नाहीत.
म्हणजे हे जे लाल लुकलुकतंय
ते हलिमाबींचं,
ज्या बागमांडल्याच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत,
फेरीबोटीतसुद्धा डोळे मिटून बसतात.

शुक्रवारी फोन केला.
चाचांचा आवाज बारीक झालाय.
"वाढतात काय ग अजून?"
"दोन बाटल्यांत नाही. एकीत वाढतायत."
मध्ये थोडा वेळ नुसता खाडीचा वारा.
"ती यकच दांडगी," ते म्हणाले,
जवळजवळ कौतुकाने.
मागून कुणीतरी विचारलं, कोन हाय?
फोन हातातून हातात गेला, काहीतरी खाली पडलं,
आणि हलिमाबी मोठ्याने म्हणाल्या,
समुद्रापलीकडे ऐकू जावं इतक्या मोठ्याने,
जेवलीस काय?