मोजमाप

चौऱ्याहत्तर साली, टॅम्पेरेत,
नोव्हेंबरातल्या एका बुधवारी,
साडेतीनलाच अंधार पडला होता तेव्हा,
मी 'सोमवारपर्यंत विधवा' पाहिला
आणि त्याच रात्री त्याला पुरून टाकलं
एकशे चाळीस शब्दांत.

'विनोद म्हणावा तर प्रेतं फार,
शोक म्हणावा तर टोप्या फार.'
हे माझं वाक्य. संपादक खूश झाला.
चौथ्या दिवशी सिनेमा उतरला.
दिग्दर्शक टोर्स्टी लेपिस्टो
पुढे दुधाच्या जाहिराती करत राहिला
आणि त्या करता करताच गेला.

गोष्ट अशी:
शवपेट्या करणाऱ्या सुताराची बायको, इर्या,
नवऱ्याला मारायचं ठरवते
आणि दर खेपेला मारता मारता
थोडी थोडी त्याच्यावर भाळत जाते.
सूपमध्ये गोळ्या विरघळवते,
मग मीठ बरोबर आहे ना म्हणून
स्वतःच चमचा तोंडाशी नेते.
पातळ बर्फावर पाठवते त्याला, मासे आणायला,
आणि मागून धावत सुटते,
गळपट्टा विसरलास म्हणत.

शहाण्णव साली विद्यापीठातली पोरं आली,
काळे स्वेटर घातलेली.
त्यांना कुठल्याशा तळघरात प्रिंट मिळाली होती,
मधली अकरा मिनिटं गायब.
हा विवाहाचा शवविच्छेदन अहवाल आहे, ती म्हणाली.
त्या नसलेल्या अकरा मिनिटांवर एकानं प्रबंध लिहिला.
(पुढे ती सापडली, एका शेतावरच्या सौनाच्या माळ्यावर.
सुतार फळीला रंधा मारतो. एवढंच.)
मेल्या म्हशीला मणभर दूध, मी म्हटलं,
तरी बोलावल्यावर गेलो.
पोस्टरवर माझं वाक्य होतं,
सिनेमाच्या नावाहून मोठ्या अक्षरांत.
मला टाळ्या मिळाल्या, चुकल्याबद्दल.
इतक्या टाळ्या बरोबर असताना
कधी मिळाल्या नव्हत्या.

यंदाच्या वसंतात वारं पुन्हा फिरलं.
लुमी कौरानेन नावाची मुलगी लिहिते,
सव्वीस वर्षांची, माझ्याहून धारदार:
स्वयंपाकघरातल्या त्या चापटीवर
आपण पन्नास वर्षं हसलो, का?
मी पुन्हा पाहिला. चापट्या तीन आहेत.
तिसरीला मागे ढोल वाजतो.

त्या ढोलावर सगळं थिएटर हसलं होतं.
मीही.
फक्त हिल्का हसली नव्हती.

ती हसली नंतर,
जिथे कोणीच हसत नाही.
नवरा झोपलाय. इर्या फीत घेऊन
त्याला मोजते, टाळूपासून टाचेपर्यंत,
सावकाश, जणू कोट शिवायचाय,
आणि आकडा कागदावर न लिहिता
त्याच्या कपाळावर ओठ टेकवते.
तिथे, त्या शांततेत,
माझी बायको मान मागे टाकून हसली.
लोकांनी वळून पाहिलं.
मी नाही पाहिलं.
घरी येऊन टाइपरायटरवरचं झाकण काढलं.

एकशे चाळीस शब्द.
त्यातला एकही सिनेमाबद्दल नव्हता.
हे त्या पोरांना कळलं नाही,
लुमीलाही अजून नाही.

हिल्का पाच वर्षांनी औलूला गेली,
एका दंतवैद्याबरोबर.
परवा मी फोन केला. का हसलीस?
पलीकडे किटली शिट्टी घालत होती.
'कुठला सिनेमा?'
ती उतरवून आली, मग तिला आठवलं.
'अरे, त्याच्या पायात तुझे मोजे होते!
तसलेच राखाडी, टाचेला रफू.
आदल्या रात्रीच मी तुझे रफू केले होते.
मला वाटलं, आता हिला आकडा लिहायला
माझ्याकडेच यावं लागणार.'
आणि पुन्हा हसली,
ऐंशी वर्षांच्या घशानं, खोकत.

नव्या डिस्कसोबतच्या पुस्तिकेसाठी
त्यांना माझ्याकडून मजकूर हवाय.
तेव्हाइतकाच, एकशे चाळीस शब्द.
सोमवारपर्यंत.

तीन लिहून झालेत:
मोजे नीट पाहा.