हल्याची वही

जिनिंगच्या काट्यावर वजन लिहायचं काम माझं,
म्हणून इस्तारी मिस्त्रीनं हल्याची वहीही मलाच दिली.
"तू खोटं लिहत नाहीस," म्हणाला,
"अन् तुहं अक्षर लोकाइले वाचता येते."

पहिल्या पानावर सामान:
ट्रकच्या पाट्याची दोन शिंगं.
मळणीयंत्राचा जुना ड्रम, दातांसकट.
ई-रिक्षाच्या दोन मोटारी, एक चालू,
दुसरी समजूत घालून चालवलेली.
पाठीवर जेसीबीच्या बकेटचा पत्रा.
पिवळा रंग तसाच, नवा मारला तर पावशेर वाढेल.

चालवते कुंदा, इस्तारीची पोरगी, आयटीआयची फिटर.
तिचे दोन अंगठे चालतात,
आम्ही बाकीचे जाळीला नाक लावून उभे.

पहिली लढत, नागपूर. हार.
सोळाव्या सेकंदाला साखळी उतरली,
हल्या घाण्याला जुंपल्यासारखा गरगर फिरत राहिला.

दुसरी. हार. धूर.

तिसरी जीत.
समोरचा उलटला, त्याला उताणं चालता येत नव्हतं.
पिकअपमधून आणला, ढेपीच्या पोत्यांवर बसवून,
रात्री दोनला गावात कुत्रीसुद्धा झोपलेली.
इस्तारीनं तरी हॉर्न वाजवला, शाळेपासून थेट देवळापर्यंत.

चौथी, भोपाळ. समोरचा आलाच नाही.
इस्तारी म्हणे, "जीत लिह."
मी लिहिलं: समोरचा आला नाही.
आठ दिवस माझ्याशी बोलला नाही तो.

पाचवी, सहावी, सातवी, आठवी.
(इथं पानावर ग्रीसचा अंगठा आहे.)

नववीत दोघंही बंद पडले.
पंच वाकून बघत होते,
डबक्यात बसलेल्या दोन म्हशींतली कोणती आधी उठते ते.
आम्हाला हरवलं.
"आपला लाइट तं पेटत होता, काका," कुंदा म्हणाली.
तेही लिहिलं.

दहावीच्या आधी पाठ जाड केली.
तोवर हल्या शंभरीच्या आत, कोणी नीट पाहायचंच नाही,
"चालेल" म्हणायचे नि सोडायचे.
पुण्यात आकडा लाल दिव्यात लागला:
एकशे अकरा.
मर्यादा एकशे दहा.
माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात:
एकशे नऊ किलो सहाशे.

त्यांनी दुसऱ्या काट्यावर घेतला. एकशे अकरा.

इस्तारी काही बोलला नाही. ग्राइंडर काढला,
डावं शिंग कापलं, एक किलो शंभर ग्रॅम.
एकशिंगी हल्या आत गेला आणि जिंकला,
जेवणानंतर गेला, पुन्हा जिंकला.
पोरं नाचत होती. कुंदा रडत होती,
रिमोट पोटाशी धरून.
मी जाळीला टेकून मांडत होतो:
क्विंटलामागे सव्वा किलो.
सव्वीस हंगाम.
फाट्यापर्यंत लागलेल्या गाड्या,
आणि त्यांत कुंदाचा आजा, धुरेवर पाय सोडून.
मी आकडा पुकारला की मान हलवायचा.
कधी म्हणाला नाही, पुन्हा वाच.

परतल्यावर मी म्हटलं, हल्याला इथंच उतरवा,
जिनात, काट्यावर.
"काहून?" इस्तारीनं विचारलं.
असंच, म्हटलं.
चौघांनी उतरवला, घरी गेले.

पुण्याला शिंग कापल्यावर: एकशे नऊ नऊशे.
इथं: एकशे आठ पाचशे.
दिवा जवळ नेऊन पाहिलं.
आकडा मोठ्यानं पुकारला,
रिकाम्या जिनात, नेहमीच्या आवाजात.

वहीचा हिशेब पुरा केला.
लढती अकरा. जीत तीन, हार सात,
एकदा समोरचा आला नाही.

आता उजाडतंय.
सेठ नऊला येतात, गाड्या सातपासून.
हल्या काट्यावर बसलाय, एकच शिंग दाराकडे करून.
त्याला हलवायला चार माणसं लागतात,
नाहीतर रिमोट. रिमोट कुंदाकडे आहे,
आणि कुंदा दोन रात्रींची जागी, आज झोपलीय.
पहिली गाडी फाट्यावरून वळली.