सन १३१८

अकरावीच्या प्रकल्पाला मी बारव घेतली,
कारण ती आमच्या घरामागंच आहे
आणि एसटीचं भाडं लागत नाही.

पहिल्याच ओळीत लिहिलं:
करंजवाडीची बारव सातशे वर्षांची, यादवांच्या काळातली.
खिल्लारे मॅडमनी शेजारी लाल पेनानं
एकच शब्द लिहिला: कशावरून?

कशावरून म्हणजे? सगळ्या गावाला माहीत आहे.
ग्रामपंचायतीच्या निळ्या फलकावर आहे, सन १३१८.
मोबाईलवर तर सात ठिकाणी आहे.
मॅडम म्हणाल्या, सात ठिकाणी आहे
का एकाच ठिकाणचं सातदा?

रात्री बघत बसले.
सातही जणांनी करंजवाडीचं कंरजवाडी केलेलं,
अनुस्वार एकाच जागी घसरलेला.
एका आडाचं पाणी, घागरी सात.

फलक रंगवणारा बबन पेंटर म्हणाला,
मला काहून इचारता ताई,
ग्रामसेवकानं चिठ्ठीवर दिलं ते काढलं.
ग्रामसेवकाची बदली औंढ्याला झालेली.
तिसऱ्यांदा फोन लागला तेव्हा म्हणाले,
दगडावर आहे की. उतरून बघा.

सतरा वर्षं बारवेच्या काठाला राहून
मी कधी उतरले नव्हते.
नवव्या पायरीशी, घाणेरीच्या झुडपामागं
हातभर दगड. उर्दू.
आकडा कुणीतरी वाचून घेतला होता,
आकड्यापुढचं मुंगीएवढं अक्षर सोडून.

ते अक्षर मोबाईलमध्ये घेऊन जिंतूरला गेले,
मोजणी खात्यातून रिटायर झालेल्या मकदूमचाचांकडं.
त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला,
चष्मा काढला आणि हसले.
हा फ हाय बेटा. फसली.
मोगलाईचं साल. पाचशे नव्वद मिळव त्यात.

वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली.
एकोणीसशे आठ.
पुन्हा केली. तेच.
यादव गेले.

मॅडम खूश होतील वाटलं.
त्या म्हणाल्या, दुसरा पुरावा?

तहसीलच्या अभिलेख कक्षात
लाल फडक्यातलं दप्तर सोडलं तेव्हा
चाचा स्वतःचं भिंग घेऊन आलेले.
चहाचे पैसेसुद्धा त्यांनीच दिले.
सन तेच, गाव तेच, काम बारवेचं.
पण कसलं काम, तिथं वाळवी.
पहिला त तेवढा ठेवलाय तिनं.
तामीर असेल तर बारव तेव्हा बांधली,
तरमीम असेल तर नुसती दुरुस्त केली,
मग खाली कितीही जुनी असू शकते.
चाचा बराच वेळ त्या भोकातून
पलीकडच्या पानाकडं बघत राहिले.
मग म्हणाले, माझ्या मनानं सांगू का?
आणि लगेच म्हणाले, नको. लिहू नको ते.

खालची यादी मात्र शाबूत होती.
यल्लव्वा वडार, गाळ उपसणे, दोन आणे हाली.
दुर्गव्वा वडार, तेच काम, तेवढेच.
अकरा नावं. कुठल्याच फलकावर नसलेली.

सरपंच माझ्या बापाला म्हणाले,
तुझ्या पोरीनं गावाची सहाशे वर्षं कमी केली.
बाप म्हणाला, कमी न्हाई केली, माहीत न्हाई म्हणली.
फलक अजून तसाच आहे.

शेवटचं पान संदर्भांचं.
चाचांना कसं लिहायचं कळेना,
माणसाला प्रकाशक नसतो.
मौखिक माहिती: शेख मकदूम शेख चांद, वय ८१.
त्यांनी मला ते दोनदा लिहायला लावलं,
पेन्शनच्या कागदावर नाव चुकलं होतं म्हणून.
मोबाईलवरचे सातही खोडले.
दप्तराचा क्रमांक टाकला, सन टाकला, खाली फसली लिहिलं,
तो फ जरा मोठाच काढला.
आणि पान क्रमांकापुढं:
कोपरा वाळवीनं खाल्लेला,
यल्लव्वाचं नाव आहे ते पान.

मॅडमनी त्या ओळीवर लाल पेन टेकवला,
थोडा वेळ तिथंच धरला,
आणि पुढचा प्रकल्प ओढला.