बर्फाची जाडी

आईनं मला वाढवलं गिरमिट घेऊन.
सायमा तळं गोठलं की ती पुढे,
दर दहा पावलांवर भोक, पट्टी, आकडा;
मी तिच्या बुटांच्या ठशांत बूट ठेवत मागे.
"आठ बोटं. चल."
"पाच. माघारी."
किनाऱ्यावरची आमची चिमणी
मला कधी लहान झालेली दिसलीच नाही.

ताउनो अकरा वर्षांनी आला.
तो चालू लागेतो आईचे गुडघे गेले होते, बाबाही.
स्वयंपाकघरातून ती एवढंच ओरडायची,
"मोजे कोरडे आण!"
नवव्या वर्षी तो बर्फातून खाली गेला, स्वतःच वर आला,
फळीसारखी ताठ विजार घालून दारात उभा.
आईनं सौना तापवली. एक शब्द नाही.
माझ्या वेळी असं झालं असतं तर...
जाऊ दे.

लोक म्हणतात, एकाच आईची दोन मुलं.
नाही हो, आया दोन होत्या.
स्वेटर तेवढा एक.

आता मी बँकेत लोकांच्या कर्जाच्या अर्जांवर
'माघारी' लिहिते.
तो दोनदा बुडालाय धंद्यात, तिसऱ्यांदा होड्या बांधतोय.
तरी पहिल्या थंडीत मध्यरात्री त्याचाच फोन,
"हिल्का, किती झालंय?"
"सहा. थांब."
आणि नवल म्हणजे तो थांबतो.

परवा पाहिलं, त्याच्या पिहलाच्या कमरेला दोर,
दुसरं टोक त्याच्या मुठीभोवती दोन वेढे.
पोर कंटाळून पालथी पडलेली, कान बर्फाला.
"आत्या, ये ना, खाली कुणीतरी ठोकतंय!"

गेले.
निम्म्या वाटेत लक्षात आलं,
गिरमिट घरीच राहिलं.